‘सब’ म्हणजे नेमकं कोण? डॉम-सब नात्यांबद्दलचे (गैर)समज

मायक्रोमीटर

हा धागा दीड वर्ष अप्रकाशित पडून होता. गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीशी बोलणं झालं आणि म्हटलं, आता टाकूनच देऊ.

मी एक्केचाळीस वर्षांची. चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. हाताखाली तेवीस माणसं आहेत आणि सप्लायरचा आख्खा ट्रक परत पाठवताना माझा हात थरथरत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यातली गेली नऊ वर्षं आमच्या नात्यात नवरा डॉम आहे आणि मी सब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोघांनी आधी बोलून, ठरवून, काही बाबतीत आणि काही काळापुरता एकाने ताबा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. देणारा सब (सबमिसिव्ह), घेणारा डॉम (डॉमिनंट). कुणाचं बेडरूमपुरतं असतं, कुणाचं त्यापलीकडेही जातं. दोरी, पट्टा, मार असतोच असं नाही. आमच्याकडे कित्येक शनिवारी निव्वळ सूचना असतात आणि त्या पाळणं असतं.

मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने एका दमात तीन प्रश्न विचारले. मारतो का तुला? लहानपणी काही झालं होतं का? म्हणजे घरात तुझं काही चालत नाही? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ अशी दिली. त्यावर ती म्हणाली, “पण तू तर इतकी खमकी आहेस गं!” हे मात्र लागलं. खमकेपणा आणि हे एका अंगात राहूच शकत नाही, असं तिने न विचारताच ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, शाळेत असायची तसली. त्यात तीन रकाने: ‘चालेल’, ‘बघू’, ‘कधीच नाही’. दोघांनी आपापले भरायचे, दर सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं. माझ्या ‘कधीच नाही’मध्ये चारचौघांत पाणउतारा, आईवडिलांवरून बोलणं आणि फोटो या गोष्टी पहिल्या दिवसापासून आहेत. त्याच्याही रकान्यात चार ओळी आहेत, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. डॉमला कसली आलीय मर्यादा! अहो, त्यालाही माणूसच म्हणतात.

थांबवायचा शब्दही (सेफवर्ड) ठरलेला आहे. आमचा ‘दुधी’. त्या प्रसंगात चुकूनही तोंडात येणार नाही असा शब्द हवा, म्हणून. शिवाय लाल आणि पिवळा आहेतच. पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांब. नऊ वर्षांत मी ‘दुधी’ पाच-सहा वेळा म्हटलं असेन. एकदा नवऱ्यानेच म्हटलं. सासरे तेव्हा दवाखान्यात होते, त्याला वाटलं जमेल, नाही जमलं. शब्द उच्चारून तो कॉटच्या कडेला बसून राहिला. मी चहा केला. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही असा नियम आहे, त्याने चहा संपल्यावर आपणहून सांगितलं.

सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की सबला नाही म्हणता येत नाही. माझं मत उलट आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याने या वाटेला जाऊच नये. त्याच्या ‘हो’ला मी आमच्या स्टोअरमध्ये नाकारलेल्या मालासारखं लाल टॅग लावून वेगळं ठेवलं असतं.

आता एक माझ्या बाजूने बोलणाऱ्यांचा गैरसमज. “दिवसभर हुकूम सोडून दमतेस म्हणून घरी सोडून देतेस ना?” ऐकायला छान आहे. पण आमच्या ओळखीतली एक सब बालवाडीत शिकवते, एकाची दोन वर्षं नोकरी नव्हती, तेव्हाही तो सबच होता. मला हे का आवडतं याचं चटकदार उत्तर माझ्याकडे नाही. मला कारलंही आवडतं.

प्रश्न विचारा. वर्णनं मिळणार नाहीत.

आडकित्ता

धागा प्रामाणिक आहे, म्हणून प्रतिसादही प्रामाणिक देते. हजारो वर्षं या देशात बायकांनी नवऱ्याचं ऐकलं, त्याच्या आधी जेवल्या नाहीत, मार खाल्ला आणि वर ‘मला चालतं’ असंही म्हणाल्या. आता त्यालाच इंग्रजी नाव आणि वही आली. तुमची आवड ही तुमची, आणि माझ्या आजीचं सोसणं हे सोसणं, यातला फरक बाहेरून बघणाऱ्याने ओळखायचा कसा? आणि तुम्ही स्वतः तरी खात्रीने कसा ओळखता?

मायक्रोमीटर

आडकित्ता, हाच प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारत होते. दीड वर्षांतलं बरंचसं त्यातच गेलं.

तुमच्या आजीला ‘दुधी’ म्हणता येत होतं का? म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी म्हटलं तर खेळ थांबतो, पांघरूण मिळतं, पाणी मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा रुसवा नसतो. रुसवा नसणं फार महत्त्वाचं आहे. ‘नाही’ म्हटल्यावर तीन दिवस अबोला धरणारा माणूस वरवर थांबला असला तरी खरं तर थांबलेला नसतो.

दुसरं, माझ्या पगाराचं खातं माझं आहे, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि माहेरची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. यातलं काही वहीत येत नाही. आमच्या घरात पैसे, मूल आणि नोकरी या विषयांत डॉम-सब नाही. तिथे आम्ही चारचौघांसारखे भांडतो.

बाहेरून ओळखायचं कसं, याचं उत्तर मात्र माझ्याकडे पूर्ण नाही. आणि मी तुमच्या शंकेला विरोधही करणार नाही. ती शंका असलेली बरी.

टग्या_नंबर_वन

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद काढला आहे. लेखिकेला ‘आमच्याकडेही एक वही आहे’ छापाचे निरोप व्यक्तिगत खात्यात पाठवणाऱ्या दोन आयडींना समज दिली आहे. ती सब आहे याचा अर्थ ती तुमचं ऐकणार असा होत नाही.

दहीभात

संपादकांच्या शेवटच्या ओळीला +१००. हा गैरसमज तर यादीत वर हवा. सब हा कुणा एकाचा असतो, आल्यागेल्याचा नाही. ऑनलाइन कुठे चुकून उल्लेख केला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘गुडघ्यावर बस’ लिहून मोकळा. अरे, तू कोण? तुझं नाव काय?

मी पुरुष आहे, छत्तीस, सोलापूर. बायको डॉम. पुरुष सबच्या वाट्याला येणारे समज वेगळेच असतात. पहिला: हा बायकोच्या ताटाखालचं मांजर. मांजर बिचारं तुकड्यांसाठी बसतं, त्याला कुणी आधी बसवून त्याच्या अटी विचारत नाही. दुसरा: हा पुरुषांमध्ये रस असलेला असणार आणि लपवतोय. ज्यांना असतो त्यांना असतो, मला नाही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तिसरा: बायको काळ्या चामड्याच्या कपड्यात चाबूक घेऊन उभी असते. सोलापुरात मे महिन्यात चामडं घालून दाखवा.

आमच्याकडे काय असतं? उद्या कुठला शर्ट घालायचा ते ती रात्री सांगते. रविवारी तिचे पाय चेपून देतो, ती वाचत असते, तोवर मी बोलायचं नाही. एवढ्यावर माझा आठवडा जातो. काहींना हे इतकं फिकं वाटतं की ते ‘हे खरं डॉम-सब नाहीच’ म्हणतात. ही खऱ्या-खोट्याची भानगड म्हणजे पुन्हा एक गैरसमज. जास्त मार सोसणारा जास्त खरा सब, असं काही नसतं. आखाडा आहे का हा?

पोथीनिष्ठ

अवांतर वाटेल, पण नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय प्रहणन आणि सीत्कार यांवर आहे. प्रणयात हाताने कुठे, कसा आघात करावा आणि त्यावर कोणते आवाज निघतात याची तिथे शिस्तशीर नोंद आहे. त्या आवाजांत ‘आई गं’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ‘नको’, ‘सोड’, ‘पुरे’ अशा अर्थाचेही आहेत. म्हणजे ‘पुरे’ हा शब्द तिथे खेळाचाच भाग धरला आहे. मग खरोखर पुरे झालं तर बाईने म्हणायचं काय? याला त्याच्याकडे वेगळा शब्द नाही.

आणि त्याच अध्यायात पुढे काय येतं बघा. चोलराजाच्या आघाताने गणिका चित्रसेना मेली. कुंतल देशाचा शातकर्णी सातवाहन, म्हणजे आपल्याच मातीतला राजा, त्याच्या हातून महाराणी मलयवती मेली. पांड्यांच्या सेनापतीने एका नर्तकीचा डोळा घालवला. वात्स्यायन हे सांगतो ते इशारा म्हणून. असले प्रकार तो दक्षिणेकडच्यांचे म्हणून नोंदवतो आणि अनार्य, अनादरणीय ठरवतो. पुढे म्हणतो की कामाच्या वेगात माणसाला भान राहत नाही, भरधाव घोड्याला खड्डे दिसत नाहीत तसं.

मला वाटतं ‘दुधी’ या शब्दाचं महत्त्व मलयवतीपासून सुरू होतं.

मायक्रोमीटर

पोथीनिष्ठ, हे माहीत नव्हतं. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

कडूलिंब

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सतरा वर्षं प्रॅक्टिस. मैत्रिणीच्या ‘लहानपणी काही झालं होतं का’ या प्रश्नावर लिहितो, कारण तो प्रश्न आमच्याच पूर्वजांनी समाजाला शिकवला.

ऑस्ट्रियातल्या क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरने १८८६ साली लैंगिक विकृतींचा ग्रंथ काढला आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘मॅसोकिझम’ (वेदना किंवा ताबेदारी सोसण्यातलं सुख) हा शब्द आणला. तो त्याने झाखर-माझोख या हयात लेखकाच्या आडनावावरून बनवला. त्या लेखकाला विचारलंही नाही, हा संमतीच्या धाग्यावर सांगण्यासारखा तपशील. क्राफ्ट-एबिंगसमोर रुग्ण होते, पत्रं होती, कोर्टातली प्रकरणं होती. जे सुखाने नांदत होते ते त्याच्याकडे जाणार कशाला? दवाखान्यात बसून जग बघितलं की सगळं जग आजारी दिसतं. माझंही पहिली काही वर्षं तसंच झालं.

आज परिस्थिती बदलली आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात आवड आणि आजार वेगळे काढले गेले: त्या आवडीमुळे त्या माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास होत असेल, त्याचं जगणं अडत असेल, तर विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, संमतीचा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्याघेण्यातलं सुख) विकारांच्या यादीतून बाहेर गेला. बळजबरीचा राहिला. रेघ नेमकी संमतीवर आखली आहे.

अभ्यास थोडे आहेत. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशी नाती जगणाऱ्या ९०२ आणि इतर ४३४ लोकांना प्रश्नावली दिली होती. पहिला गट मानसिकदृष्ट्या अधिक डळमळीत निघाला नाही, उलट स्वास्थ्याचे गुण थोडे चांगलेच होते. डॉम सर्वांत वर, सब मध्ये, बाकीचे खाली. पण हुरळून जाऊ नका: ऑनलाइन पाहणी, आपणहून आलेले लोक. ऑस्ट्रेलियात सुमारे १९ हजार लोकांची दूरध्वनीवरून केलेली पाहणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे लोक आपणहून आले नव्हते. तिथे वर्षभरात असं काही केलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं, आणि त्यांच्यावर पूर्वी लैंगिक बळजबरी झालेली असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली नाही.

सबांपैकी कुणाच्याच बालपणात काही झालेलं नसतं असं मी म्हणत नाही. जे झालं ते सगळीकडेच झालेलं असतं, स्वयंपाक आवडणाऱ्यांच्याही.

कॅनडातल्या क्यूबेकच्या एका पाहणीत (२०१४, दीड हजार माणसं) आपल्यावर कुणी हुकूमत गाजवावी अशी कल्पना मनात आलेल्या स्त्रिया जवळपास ६५ टक्के आणि पुरुष ५३ टक्के होते. पुरुषांचा आकडा पुन्हा वाचा. दहीभात, तुम्ही बहुमतात आहात.

दहीभात

डॉक्टर, हा आकडा फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. आई विचारेल तर सांगतो, महागाई निर्देशांक आहे.

धरणाखाली

रॉटरडॅमहून. इथे अशा लोकांच्या ‘मंच’ नावाच्या बैठका होतात. मंच म्हणजे आपलं व्यासपीठ नाही, कॅफेत जमून खाणंपिणं आणि गप्पा. रोजच्या कपड्यांत, काहीही न करता. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं, सगळे डॉम मोठ्याने बोलत असतील आणि सब मान खाली घालून बसले असतील. प्रत्यक्षात तासभर पार्किंगच्या दरांवर चर्चा झाली आणि कोण कोण आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवीन माणूस आला की जुने सब त्याला बाजूला घेऊन सांगतात: घाई करू नकोस, त्या तिकडच्या माणसाबरोबर एकटा जाऊ नकोस. ही पारख डॉमच्या गप्पांत नसते, सबांच्या कुजबुजीत असते. सब लोक निष्क्रिय असतात हा माझा समज तिथे गळून पडला.

एक काळजीचं: दोरी आवडणाऱ्यांनी दंडाच्या बाहेरच्या बाजूला दाब देऊ नये. तिथे नस असते, ती दबली की मनगट लुळं पडतं आणि कधीकधी आठवडेच्या आठवडे उचलत नाही. ‘चांगला सब मुंग्या सहन करतो’ असं कुणी म्हणालं तर दोरी कापायला कात्री मागा. मुंग्या आल्या की लगेच सांगणं हे सबचं काम आहे. आणि गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत नसते, कुणीही कितीही अनुभव सांगो. काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि शुद्ध गेलेला माणूस ‘लाल’ म्हणणार कसा?

मायक्रोमीटर

तोंडाने बोलणं शक्य नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा. टाकला की थांबायचं. आवाज होतो, सोपं पडतं.

खटला_तहकूब

वकील आहे. दोन्ही बाजूंचा एक-एक समज सांगतो.

पहिला: वहीत सही केली म्हणजे करार झाला. नाही. ती वही कोर्टात तुम्हाला बांधून ठेवत नाही आणि समोरच्याला वाचवतही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीचा अर्थ दिला आहे: त्या विशिष्ट कृतीसाठी शब्दांनी, खुणेने किंवा अन्य प्रकारे दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. ‘विशिष्ट’ या शब्दावर बोट ठेवा. सोमवारी अमुक गोष्टीला हो म्हटलं ते मंगळवारी तमुकला लागू पडत नाही. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नाही, ते कलम २८. आणि याच कलम ६३ मध्ये पतीला दिलेला अपवाद (प्रौढ पत्नीवरची बळजबरी बलात्कार धरली जात नाही) अजून तसाच आहे, हेही सांगायला हवं. मात्र कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा विवाहित स्त्रीला आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही उपलब्ध आहे.

दुसरा: दोघे राजी तर कायद्याचा संबंध काय? आहे. कलम २५ प्रमाणे अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिलेली इजा गुन्हा ठरत नाही, पण मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा हेतू वा संभव नसेल तरच. कायद्यातलं उदाहरण मजेचं आहे, करमणूक म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. हाड मोडलं, दात निखळला की मात्र ती जबर दुखापत. तिथे ‘तिनेच सांगितलं होतं’ हे चालत नाही.

इंग्लंडमध्ये तर १९८७ साली पोलिसांच्या हाती एक चित्रफीत लागली आणि खाजगीत, राजीखुशीने असं काही करणारे समलिंगी पुरुष तुरुंगात गेले. कुणाचीही तक्रार नव्हती, कायमची इजा नव्हती. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम झाली. तो निकाल मला आजही पटत नाही. पण उलट बाजूला, बाईचा जीव गेल्यावर ‘तिला असंच आवडायचं’ म्हणणारे आरोपी तिथे इतके झाले की २०२१ च्या कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं: गंभीर इजेला संमती होती हा बचाव नाही. सब गैरहजर असताना तिच्या आवडीबद्दल दुसराच कुणी साक्ष देतो, ही या विषयातली सर्वांत भीषण गोष्ट.

गिरगावकर_आजोबा

वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचे अंक होते, चोरून वाचले. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या सरळ उत्तरांवरून, आणि बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. हा धागा वाचून ती ट्रंक आठवली. मला यातलं निम्मं समजलं, निम्मं समजून घ्यायचं वय गेलं. चालू द्या.

नवी_आयडी_२६

पहिल्यांदाच लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सव्वीस वर्षांची, नोकरी करते, एकटी राहते. तीन महिन्यांपूर्वी ॲपवर एक जण भेटला. तो बारा वर्षं डॉम आहे असं म्हणतो. मी सब आहे हे मला त्याच्यामुळेच कळलं. पण तो म्हणतो सेफवर्ड नवशिक्यांसाठी असतो, खऱ्या सबला मर्यादा नसतात, आणि मर्यादा सांगणं म्हणजे अविश्वास. माझ्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. रूममेटशी फार बोललेलं त्याला आवडत नाही. त्याच्याकडे माझे काही फोटो आहेत. मी काही म्हटलं की तो दोन दिवस उत्तर देत नाही, मग मीच माफी मागते. मायक्रोमीटरताई, तुमचा रुसव्याबद्दलचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी चांगली सब नाही का?

मायक्रोमीटर

बाळा, तू कशी सब आहेस हा प्रश्न बाजूला ठेव. हा माणूस डॉम नाहीये. सेफवर्डला नाही म्हणणाऱ्या माणसाशी पुढचं बोलणंच नसतं. अनुभवी माणूस तर पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारतो, ‘थांबायचा शब्द कुठला?’ अनुभव असतो तो याच गोष्टीचा.

रूममेटला आज सांग. सगळं नको सांगूस, एवढंच सांग की एक माणूस त्रास देतोय. पासवर्ड आज बदल, ईमेलचाही. त्याला एकटीने भेटायला जाऊ नकोस, ‘शेवटचं एकदा’ म्हणाला तरी.

खटला_तहकूब

फोटोंबद्दल. फोटो तुमच्या संमतीने काढला असला तरी तो दुसऱ्यांना दाखवायला संमती नव्हती, तर दाखवणं हा गुन्हा आहे, कलम ७७. धमकीचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. महिला हेल्पलाइन १८१, तातडी असेल तर ११२. पोलिसांना तुमच्या आवडीनिवडीचं स्पष्टीकरण देण्याची गरज नाही, धमकी आली एवढं पुरे.

आडकित्ता

माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. बाहेरून ओळखायला अवघड असतं, पण आतल्या माणसाने तीन ओळी लिहिल्या की लगेच दिसतं. नवी आयडी, मी नाशिकला असते. वकील, पोलीस ठाणं, काहीही लागलं आणि सोबत हवी असली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी धाग्याच्या विषयाशी सहमत नाही, त्याने काही बिघडत नाही.

दहीभात

आणि तू सब आहेस हे त्याच्यामुळे कळलं असं वाटत असेल, तर ते आधीपासून तुझंच होतं. तो फक्त आधी दारात आला.

नवी_आयडी_२६

नऊ दिवसांनी लिहिते आहे. रूममेटला सांगितलं. तिच्यासमोरच त्याला मेसेज केला, की सेफवर्डशिवाय आणि फोनवर लक्ष ठेवलेलं मला चालणार नाही. त्याने ‘तू फेक आहेस, तुझ्यासारख्या खूप बघितल्या’ असं लिहिलं. मग फोटोंबद्दल एक वाकडं वाक्य. ते स्क्रीनशॉट घेऊन आम्ही दोघी तक्रार करून आलो. आडकित्तामॅडम फोनवर सोबत होत्या. नंतर त्याचा काही मेसेज नाही.

हायसं वाटायला हवं, पण रडू येतंय. आणि मला ते सगळं आवडायचं बंद झालेलं नाही. त्याची लाज वाटते.

कडूलिंब

रडू येणं साहजिक आहे. माणूस गेला की त्याच्याबरोबरची सवयही जाते, शरीराला ते कळायला वेळ लागतो. झोप आणि जेवण सांभाळा. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर जवळच्या समुपदेशकाकडे जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत तुमच्या आवडीलाच आजार ठरवलं, तर समुपदेशक बदला.

आवड राहिली तर राहू द्या. तिला सध्या काही करायला लावू नका.

पोथीनिष्ठ

इतके दिवस ‘सब’ला मराठी शब्द शोधत होतो. आज्ञाधारक म्हटलं की शाळेच्या अर्जाचा शेवट आठवतो, शरणागत म्हटलं की युद्ध. ‘स्वाधीन’ सुचतो. आपण वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करतो म्हणजे त्याच्या ताब्यात देतो, आणि मुळात संस्कृतात स्वाधीन म्हणजे स्वतःच्याच अधीन असलेला. अष्टनायिकांतली स्वाधीनभर्तृका आठवा, जिचा पती तिच्या कह्यात असतो. दहीभात, तुमचं घराणं जुनं आहे हो.

दहीभात

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘उद्या निळा शर्ट.’

धरणाखाली

अवांतर: मायक्रोमीटर, पण दुधीच का?

मायक्रोमीटर

दोघांनाही आवडत नाही, घरात कधी येत नाही, म्हणून. गेल्या रविवारी सासूबाई डबाभर दुधी हलवा घेऊन आल्या आणि जेवताना दर दोन मिनिटांनी, “अजून घे ना दुधी, दुधी संपव.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता तो संपवला.